आरोग्यसंपदा : पाच मिनिटांची स्थिरता आणि दोन आकडे

महावीर जन्मकल्याणकाच्या निमित्ताने अमरावती, अकोला, कारंजा, वाशीम अशा वऱ्हाडातील अनेक गावांत शोभायात्रेच्या जोडीला आरोग्य तपासणीचे शिबिर भरविण्याची प्रथा आता रूढ झाली आहे. मंगल कार्यालयाच्या किंवा धर्मशाळेच्या एका कोपऱ्यात टेबल मांडलेले असते. त्यावर रक्तदाब मोजण्याचे यंत्र, शेजारी नावे लिहिण्याची वही आणि समोर लांबलचक रांग. चैत्राचे ऊन माथ्यावर तळपत असते. शोभायात्रेत तासभर चालून आलेला गृहस्थ रांगेतल्या मित्राशी व्यापाराच्या गोष्टी करीत पुढे सरकतो, पाठ नसलेल्या स्टुलावर टेकतो, सदऱ्याची बाही दंडापर्यंत सरकवितो आणि हात पुढे करतो. अर्ध्या मिनिटात आकडा येतो : १५८/९६. "बीपी वाढलंय, डॉक्टरांना दाखवा," एवढे सांगून पुढच्या नावाचा पुकारा होतो.

हा आकडा खरा की खोटा? प्रश्न साधा दिसतो. पण त्याच्या उत्तरावर त्या गृहस्थाची पुढची वीस वर्षे अवलंबून असू शकतात. आकडा खरा असून दुर्लक्षिला गेला, तर पक्षाघात, हृदयविकार आणि मूत्रपिंडाचा ऱ्हास हे तिन्ही धोके निमूटपणे वाढत राहतात. आकडा खोटा असून खरा मानला गेला, तर नको असलेल्या गोळ्या जन्मभर मागे लागतात.

असे एक कुटुंब डोळ्यांसमोर आणावे. साठी ओलांडलेले काकाजी अकोल्याच्या बाजारपेठेत दुकान सांभाळतात. शिबिरात वरील आकडा निघाला, म्हणून ते धास्तावतात. डॉक्टरांकडे जायला सवड होत नाही. पण घरात काकूंच्या रक्तदाबाच्या गोळ्या असतातच. "तीच बीमारी, तीच गोळी," असा हिशेब करून ते रोज एक गोळी घेऊ लागतात. पंधरा दिवसांनी पहाटे अंथरुणावरून उठताना डोळ्यांपुढे अंधारी येते आणि ते मोरीच्या उंबऱ्याशी कोसळतात. दवाखान्यात पाच मिनिटे शांत बसवून मोजलेला त्यांचा रक्तदाब भरतो ११२/७०. गोळी चार दिवस बंद ठेवून तो निरनिराळ्या दिवशी मोजला जातो, तेव्हा १३० च्या आसपास येतो. शिबिरातला आकडा उन्हाचा, चालण्याचा आणि बोलण्याचा होता.

काकूंची गोष्ट याच्या उलट. दवाखान्यात त्यांचा आकडा नेहमी १३०/८० च्या आत, त्यामुळे गोळ्या लागू पडल्याचा सर्वांना विश्वास. सून माहेराहून यंत्र घेऊन येते आणि सकाळी गोळी घेण्याआधी मोजू लागते, तेव्हा आठवडाभराची सरासरी निघते १५०/९२. दवाखान्यात नीट दिसणारा रक्तदाब घरी, रोजच्या धावपळीत, वाढलेला राहत होता. हे कुटुंब कल्पनेतले आहे. पण दोन्ही प्रकार वैद्यकशास्त्राला चांगले परिचित आहेत. डॉक्टरांसमोर बसताच वाढणाऱ्या रक्तदाबाला पांढऱ्या कोटाचा रक्तदाब म्हणतात, तर दवाखान्यात लपून घरी प्रकट होणाऱ्याला छुपा रक्तदाब. यांपैकी दुसरा अधिक घातक. कारण तेथे सर्वजण निश्चिंत असतात.

रक्तदाब मोजण्याची कला फार जुनी नाही. इंग्लंडमधील स्टीफन हेल्स या धर्मगुरूने १७३३ साली घोडीच्या धमनीत नळी घालून रक्त किती उंच चढते, ते पाहिल्याची नोंद प्रसिद्ध केली. त्या प्राण्याच्या वाट्याला आलेली वेदना पाहता तो मार्ग माणसासाठी कधीच उपयोगाचा नव्हता. १८९६ मध्ये इटलीतील तुरिन येथे शिपिओने रिवा-रोच्ची यांनी दंडाभोवती हवेचा पट्टा आवळून पाऱ्याच्या स्तंभावर दाब मोजण्याची सुटसुटीत रीत शोधली. त्यांचा पट्टा फार अरुंद होता, त्यामुळे आकडा वाजवीपेक्षा जास्त येई. १९०१ मध्ये जर्मनीच्या फॉन रेक्लिंगहाउझेन यांनी पट्टा रुंद करून तो दोष दूर केला. पुढे १९०५ साली सेंट पीटर्सबर्ग येथील तरुण शल्यचिकित्सक निकोलाय कोरोत्कोव्ह यांनी पट्ट्याखाली स्टेथोस्कोप ठेवून धमनीतील आवाज ऐकण्याची पद्धत सांगितली. आवाज सुरू होतो तो वरचा आकडा, आवाज विरतो तो खालचा. हृदय आकुंचन पावून रक्त बाहेर ढकलते, त्या क्षणीचा दाब वरचा. दोन ठोक्यांमध्ये हृदय विसावते, त्या वेळचा दाब खालचा. 'इतके मिलिमीटर पारा' हे मापही त्या पाऱ्याच्या स्तंभावरूनच रूढ झाले.

पारा विषारी असल्यामुळे, २०१३ च्या मिनामाता करारानंतर पाऱ्याची यंत्रे जगभर मागे पडत आहेत. आज बहुतेक ठिकाणी बॅटरीवर चालणारे यंत्र दिसते. ते कान लावून आवाज ऐकत नाही. पट्ट्यातील हवेची सूक्ष्म स्पंदने टिपून आकडा काढते. यंत्र बदलले तरी मोजणाऱ्याचे आणि मोजून घेणाऱ्याचे कर्तव्य मात्र बदललेले नाही. किंबहुना बटण दाबताच आकडा मिळू लागल्यापासून त्या कर्तव्याचा विसर पडू लागला आहे.

ते कर्तव्य कोणते? मोजण्यापूर्वी अर्धा तास चहा, कॉफी, तंबाखू आणि श्रम टाळावेत. लघवी करून यावे. तुंबलेल्या मूत्राशयानेही आकडा वाढतो. पाठीला टेका असलेल्या खुर्चीवर बसून दोन्ही पावले जमिनीवर सपाट ठेवावीत, पायावर पाय टाकू नये. अशा स्थितीत पाच मिनिटे शांत बसावे. पट्टा उघड्या दंडावर बांधावा. बाही वर सरकवून तिचा पीळ दंडावर आवळला जात असेल, तर हात बाहीतून काढून घ्यावा. हात टेबलावर असा टेकवावा, की पट्ट्याचा मध्य हृदयाच्या पातळीत येईल. मोजत असताना रुग्णाने बोलू नये आणि मोजणाऱ्यानेही त्याला बोलते करू नये. एका मिनिटाच्या अंतराने निदान दोनदा मोजून सरासरी धरावी. पहिल्या भेटीत दोन्ही हातांचे माप घ्यावे आणि ज्या हाताचा आकडा जास्त, तोच हात पुढे कायम वापरावा. वयस्करांचा, मधुमेहींचा आणि चक्कर येणाऱ्यांचा रक्तदाब उभे करूनही पाहावा. उठताच तो एकदम उतरत असेल, तर गोळीचे प्रमाण त्या बेताने ठरवावे लागते.

यांतील एखादी गोष्ट क्षुल्लक वाटेल. पण तिचे मोल मोजले गेले आहे. अमेरिकेतील जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाच्या संशोधकांनी २०२४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात हात टेबलाऐवजी मांडीवर ठेवल्यास वरचा आकडा सरासरी सुमारे ४ ने, तर बाजूला लोंबता ठेवल्यास सुमारे साडेसहाने जास्त आला. त्याच विद्यापीठाच्या २०२३ मधील दुसऱ्या अभ्यासात, ज्यांच्या जाड दंडाला सर्वांत मोठा पट्टा हवा होता, त्यांना नेहमीचा पट्टा बांधल्यावर वरचा आकडा जवळजवळ २० ने फुगला. रिवा-रोच्ची यांच्या अरुंद पट्ट्याचा दोष सव्वाशे वर्षांनंतर असा पुन्हा डोके वर काढतो. घरगुती यंत्रासोबत मिळणारा पट्टा साधारणतः २२ ते ३२ सेंटिमीटर घेराच्या दंडासाठी असतो. शिंप्याच्या टेपने दंड मोजावा आणि घेर त्याहून अधिक भरल्यास मोठा पट्टा मागवावा. उलट, कृश वृद्धांना मोठा पट्टा बांधल्यास आकडा खोटा कमी दिसतो, हेही ध्यानी असावे.

दवाखान्यात नीट मोजलेला रक्तदाब १४०/९० किंवा त्याहून अधिक आणि तोही निरनिराळ्या दिवशी आढळला, तर उच्च रक्तदाब मानावा, ही आपल्याकडील सर्वसाधारण रीत आहे. अमेरिकेतील हृदयरोगतज्ज्ञांच्या संस्थांनी २०१७ मध्ये ही सीमा १३०/८० वर आणली. घरी मोजताना मात्र सरासरी १३५/८५ ही सीमा धरतात, कारण घरी मन निवांत असते. एका मोजणीवर निदान करू नये. अपवाद एकच : आकडा १८०/१२० च्या वर असून छातीत दुखणे, धाप लागणे, अंगाची एक बाजू लुळी पडणे, बोलणे अडखळणे किंवा दृष्टी अंधुक होणे यांपैकी काही असेल, तर पुन्हा मोजत बसू नये, तत्काळ मोठ्या रुग्णालयात न्यावे.

घरी मोजण्याचीही शिस्त आहे. सलग सात दिवस सकाळी व संध्याकाळी, प्रत्येक वेळी एका मिनिटाच्या अंतराने दोनदा मोजावे. सकाळचे माप गोळी व न्याहारी यांच्या आधी, संध्याकाळचे जेवणाआधी घ्यावे. पहिल्या दिवसाचे आकडे सोडून उरलेल्यांची सरासरी काढावी. मनगटाच्या यंत्रापेक्षा दंडावर बांधायचे, प्रमाणित यंत्र घ्यावे आणि वर्षातून एकदा ते दवाखान्यातील यंत्राशी ताडून पाहावे. आकडे जसे येतील तसे वहीत लिहावेत. १४७ चे १४० करणे किंवा मनासारखा आकडा येईपर्यंत मोजत राहणे ही स्वतःचीच फसवणूक होय. दुकानाच्या रोकडवहीत जो व्यापारी एका रुपयाचा फरक सहन करीत नाही, त्याने देहाच्या वहीतही तीच निष्ठा राखावी.

२०१९ ते २०२१ या काळात झालेल्या पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार भारतात पंधरा वर्षांवरील सुमारे २१ टक्के स्त्रिया व २४ टक्के पुरुष यांचा रक्तदाब वाढलेला आढळला किंवा त्यासाठी ते औषध घेत होते. म्हणजे चार-पाच प्रौढांमागे एक. या रोगाला बहुधा लक्षणे नसतात. डोके दुखेल तेव्हा मोजू, ही समजूत म्हणूनच घातक ठरते. दुसरीकडे दिलासाही मोठा आहे. अनेक चाचण्यांचा एकत्रित विचार करून २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षानुसार वरचा रक्तदाब १० ने उतरविल्यास पक्षाघाताचा धोका सुमारे एक चतुर्थांशाने आणि हृदय व रक्तवाहिन्यांच्या गंभीर आजारांचा धोका सुमारे एक पंचमांशाने घटतो. दहा अंकांना इतके मोल आहे. आणि निष्काळजी मोजणीची चूकही सहज तेवढी असू शकते.

विदर्भाने या कामी एक चांगला पाठ पाहिला आहे. नोव्हेंबर २०१७ मध्ये केंद्रीय आरोग्य मंत्रालय, भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषद, राज्य सरकारे व जागतिक आरोग्य संघटना यांनी मिळून भारत उच्च रक्तदाब नियंत्रण उपक्रम सुरू केला. महाराष्ट्रातून आरंभी निवडलेल्या चार जिल्ह्यांत सातारा व सिंधुदुर्ग यांच्यासह वर्धा व भंडारा हे विदर्भातील दोन जिल्हे होते. त्यांतला वर्धा तर अमरावतीचा शेजारी. उपक्रमाची सूत्रे अगदी साधी होती : प्रमाणित डिजिटल यंत्राने मोजणी, औषधांचा ठरावीक व सोपा क्रम, महिनाभराच्या गोळ्या एकदम हाती देणे, घराजवळच्या केंद्रात फेरतपासणी आणि प्रत्येक रुग्णाच्या आकड्यांची सलग नोंद. या कार्यास २०२२ मध्ये संयुक्त राष्ट्रांचा पुरस्कार लाभला. यात नवे औषध काहीच नव्हते. नेमाने मोजणे, नेमाने लिहिणे आणि नेमाने देणे, एवढेच होते. आज सरकारी आरोग्य केंद्रांतही तिशी ओलांडलेल्यांचा रक्तदाब विनामूल्य तपासला जातो. दुकानातील कामगारांना व घरकामाच्या बायांनाही तेथे आवर्जून पाठवावे.

वऱ्हाडाची एक खास अडचण म्हणजे खारपाणपट्टा. पूर्णेच्या खोऱ्यात अमरावती, अकोला व बुलढाणा या तीन जिल्ह्यांतून तो पसरलेला असून दर्यापूर, मूर्तिजापूर, अकोट या भागांतील विहिरींच्या पाण्याची खारट चव सर्वांना ठाऊक आहे. सोडियम अधिक असलेले पाणी रोज पोटात जात असेल, तर ताटातील मिठात त्याची भर पडते. अशा गावांत राहणाऱ्या रक्तदाबाच्या रुग्णांनी पिण्यासाठी शक्यतो नळयोजनेचे गोडे पाणी वापरावे आणि रक्तातील क्रिएटिनिन व लघवीतील प्रथिने वर्षातून एकदा तरी तपासून घ्यावीत. वाढलेला रक्तदाब मूत्रपिंड बिघडवितो आणि बिघडलेले मूत्रपिंड रक्तदाब आणखी वाढविते. हे चक्र वेळीच तोडले पाहिजे.

जागतिक आरोग्य संघटना दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी, म्हणजे सपाट चमचाभरापेक्षा कमी मीठ सुचविते. पापड, लोणचे, शेव, चिवडा, मिठाचा खाकरा यांनी ही मर्यादा न कळत ओलांडली जाते. सैंधव निर्दोष असते, हा समज खरा नाही. तेही बहुतांशी तेच मीठ होय. कमी सोडियमचे मीठ उपयुक्त ठरते, मात्र त्यात पोटॅशियम असल्यामुळे मूत्रपिंडाचा विकार असणाऱ्यांनी आणि काही विशिष्ट गोळ्या घेणाऱ्यांनी डॉक्टरांना विचारल्याविना ते वापरू नये.

तप आणि औषध यांचा मेळ हा श्रावक-श्राविकांच्या घरातील नित्याचा प्रश्न. चौविहार पाळणाऱ्यांना रात्रीची गोळी अडचणीची वाटते आणि पुष्कळदा ती गुपचूप सोडली जाते. त्याची गरज नाही. ब्रिटनमध्ये २१ हजारांहून अधिक रुग्णांवर झालेल्या आणि २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत रक्तदाबाची गोळी सकाळी घेतली काय किंवा रात्री घेतली काय, हृदयविकार व पक्षाघात यांच्या प्रमाणात फरक दिसला नाही. तेव्हा डॉक्टरांना आपला नियम मोकळेपणाने सांगावा. दिवसातून एकदाच, नवकारसीनंतर घेता येईल अशी गोळी ते बहुधा सुचवू शकतात. पर्युषणातील अठ्ठाई किंवा वर्षीतप आरंभण्यापूर्वी मात्र पंधरा दिवस आधी भेट घ्यावी. लघवी वाढविणारी गोळी आणि निर्जल उपवास यांचा संयोग देहाला झेपेलच असे नाही. काही गोळ्या एकाएकी थांबविल्यास रक्तदाब उसळतो, तर काही उपवासात तशाच चालू ठेवल्यास तो फार उतरतो. कोणती गोळी कोणत्या गटातील, हे घरच्या घरी ठरविण्याचा विषय नव्हे. उपवासाच्या काळात रोज बसून व उभे राहून रक्तदाब मोजावा. वऱ्हाडातल्या उन्हाळ्यात पारा ४५ अंशांकडे झुकतो, तेव्हाही घामामुळे रक्तदाब उतरू शकतो, आणि हिवाळ्यात तो पुन्हा चढतो. म्हणून मे महिन्यातील गोळ्यांचे प्रमाण डिसेंबरमध्ये तपासून घेणे इष्ट.

समाजाच्या मंडळांनी पुढचे शिबिर भरविताना फार खर्च न करता मोठा बदल घडवून आणता येईल. टेबल गर्दीपासून दूर, सावलीच्या शांत खोलीत असावे. टेका असलेल्या पाच-सहा खुर्च्या ओळीने मांडाव्यात. पहिल्या खुर्चीपासून शेवटच्या खुर्चीपर्यंत येता येता विश्रांतीची पाच मिनिटे आपोआप होतात. लहान, मध्यम व मोठा असे तीन पट्टे जवळ ठेवावेत. दोनदा मोजून दोन्ही आकडे तारखेसह चिठ्ठीवर लिहून द्यावेत आणि वाढलेला आकडा असणाऱ्यांची नावे स्वयंसेवकाकडे ठेवून महिन्याभरात त्यांनी पुन्हा मोजून घेतले की नाही, याची विचारपूस करावी. या विचारपुशीवाचून शिबिराचे काम पूर्ण होत नाही.

त्या कल्पनेतल्या दवाखान्यात काकाजी आता दर तीन महिन्यांनी जातात. गेल्या गेल्या हात पुढे करण्याची त्यांची जुनी सवय अजून सुटलेली नाही. सिस्टर हसून म्हणतात, "काकाजी, आधी पाच मिनिटं बसा. बोलायचं नाही. मग पाहू." काकाजी डोळे मिटतात. अठ्ठेचाळीस मिनिटांचे सामायिक ज्याला सवयीचे आहे, त्याला पाच मिनिटांची स्थिरता जड जात नाही. शेजारी काकू घरच्या आकड्यांची वही उघडून बसलेल्या असतात, आणि डॉक्टर आपल्या यंत्राकडे वळण्यापूर्वी ती वही वाचतात.